यंत्राचा ताप कोणी मोजायचा?

मार्च २०२५ मध्ये जगभरातील अनेक विंडोज संगणकांच्या पडद्यावर एक इशारा झळकू लागला. मायक्रोसॉफ्टच्या 'डिफेंडर' या संरक्षक प्रणालीने 'विनरिंगझिरो' नावाच्या एका छोट्याशा ड्रायव्हरला धोकादायक ठरवून बाजूला काढण्यास सुरुवात केली होती. हे नाव ऐकलेले लोक फारच थोडे असतील. परंतु 'फॅन कंट्रोल', 'लिबरे हार्डवेअर मॉनिटर', 'ओपनआरजीबी' अशी पंख्यांचा वेग सांभाळणारी, प्रोसेसरचे तापमान दाखवणारी किंवा मदरबोर्डवरील दिव्यांची व्यवस्था पाहणारी कितीतरी सॉफ्टवेअरे याच एका ड्रायव्हरच्या खांद्यावर उभी होती. तो खांदा निखळताच ती बंद पडली किंवा अर्धवट चालू लागली. वरकरणी ही हौशी मंडळींची किरकोळ तक्रार वाटेल. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र किरकोळ नाही. संगणकाच्या अंगात किती ताप आहे हे जाणून घेण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते खरेपणाने सांगण्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न आहे.

संगणक जितकी वीज घेतो, तितकी जवळजवळ सगळीच अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. ही उष्णता वेळीच निघून गेली नाही तर काय होते, याचे प्रात्यक्षिक २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने चित्रफितीतून दाखवले होते. चालू संगणकातील प्रोसेसरवरचा उष्णताशोषक काढून घेताच इंटेलच्या पेंटियम ४ ने आपला वेग आपणहून कमी केला. एएमडीच्या अॅथलॉन प्रोसेसरमधून मात्र काही क्षणांतच धूर निघाला. आजचे सर्व प्रोसेसर अशा टोकाच्या प्रसंगी स्वतःला आवरतात, प्रसंगी यंत्रच बंद करतात. पण हा शेवटचा उपाय झाला. पंखा हळूहळू मंदावत चालला आहे, वीजपुरवठ्याचा दाब डळमळतो आहे, डिस्क रोज दोन अंशांनी अधिक तापते आहे, ही लक्षणे आधीच कळावीत यासाठी प्रत्येक मदरबोर्डवर वेगळी टेहळणी करणारी चिप बसवलेली असते.

या कुळातील एक आद्य चिप म्हणजे अमेरिकेतील नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीने १९९० च्या दशकात आणलेली एलएम७८. (ही कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली.) एक तापमान, तीन पंखे आणि सात ठिकाणचे व्होल्टेज एवढ्यांवर ती नजर ठेवीत असे आणि दर दीड सेकंदाने आपली नोंद नवी करीत असे. तिचे धाकटे भावंड असलेली एलएम७५ ही चिप फक्त तापमान मोजते. उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस हा तिचा पल्ला. वाचन अर्ध्या अंशाच्या टप्प्याने मिळते. मात्र त्यात दोन ते तीन अंशांची चूक असू शकते, हे निर्मात्यांनीच सांगून ठेवले आहे. पडद्यावर '४७.५' असा आकडा दिसला म्हणून तो दशांशापर्यंत खरा मानण्याचे कारण नाही, हा पहिला धडा येथेच मिळतो.

मापनाची रीत पाहिली की दुसरा धडा मिळतो. पंखा सामान्यतः एका फेरीत दोन विद्युत् स्पंद पाठवतो. चिप त्या स्पंदांच्या दरम्यान आपल्या अंतर्गत घड्याळाचे किती ठोके पडले ते मोजते आणि ती मोजणी एका आठ बिटांच्या कप्प्यात ठेवते. मग साडेतेरा लाख या संख्येला त्या मोजणीने आणि ठरलेल्या एका विभाजकाने भागले की पंख्याच्या दर मिनिटाच्या फेऱ्या मिळतात. व्होल्टेजची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. एलएम७८ ला साधारण चार व्होल्टपर्यंतचाच दाब मोजता येतो. मग बारा व्होल्टची वाहिनी मोजायची कशी? मदरबोर्ड तयार करणारा दोन रोधकांची जोडी लावून तो दाब कमी करतो आणि मगच तो चिपच्या पायापर्यंत पोचवतो. कोणते रोधक लावले हे मात्र त्या निर्मात्यालाच ठाऊक. चिपला ते माहीत नसते आणि चिपशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरलाही नसते. म्हणजे यंत्राने मोजलेला आकडा आणि त्या आकड्याचा अर्थ या दोन गोष्टी मुळातच वेगवेगळ्या हाती आहेत. पुढचे सारे रामायण येथून सुरू होते.

चिपशी बोलण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याला ड्रायव्हर म्हणतात. कर्नल हा कार्यप्रणालीचा गाभा. यंत्राच्या प्रत्येक भागावर त्याची अनिर्बंध सत्ता चालते. ड्रायव्हर हा या गाभ्यात बसणारा दुभाषा होय. त्याला चिपची भाषा कळते आणि तो ती इतरांना समजेल अशा रूपात मांडतो. या चिपांशी संभाषण बहुधा दोन तारांच्या एका साध्या मार्गावरून होते. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये हा मार्ग विकसित केला आणि इंटेलने १९९५ मध्ये त्याचे संगणकाला सोयीचे रूप ठरवले. तारा दोनच असल्या तरी त्या मार्गावर अनेक चिपा शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. यातील धोका आपण पुढे पाहूच.

लिनक्सच्या जगात या कामाला १९९८ च्या सुमारास काही हौशी प्रोग्रामरांनी सुरुवात केली. त्यांच्या प्रकल्पाचे नाव 'एलएम-सेन्सर्स' पडले ते एलएम७८ याच चिपवरून. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलची २.६ ही आवृत्ती निघाली तेव्हा हे ड्रायव्हर अधिकृत कर्नलचा भाग झाले होते आणि २००५ मध्ये त्यांच्यासाठी 'एचडब्ल्यूमॉन' नावाचा स्वतंत्र विभागच निर्माण झाला. आज त्या विभागात दोनशेहून अधिक ड्रायव्हर आहेत. या विभागाचे खरे कर्तृत्व कोणते, असे विचारले तर एका शिस्तीकडे बोट दाखवावे लागेल. चिप कोणत्याही कंपनीची असो, तिचे वाचन एकाच साच्यात मिळाले पाहिजे, हा तो दंडक. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, दाब व्होल्टच्या हजाराव्या भागात, पंखा दर मिनिटाच्या फेऱ्यांत. पंचेचाळीस अंश म्हणजे ४५०००. ही संख्या एका छोट्या फाइलीच्या रूपाने दिसते. ती वाचायला विशेष अधिकार लागत नाही, विशेष सॉफ्टवेअर लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

हे वाचून कोणालाही वाटेल की यात अवघड ते काय? चिपला विचारायचे आणि ती सांगेल ते लिहायचे. पण विचारणे हेच घातक ठरू शकते, याचा अनुभव या शतकाच्या आरंभी आयबीएमच्या थिंकपॅड संगणकांच्या बाबतीत आला. कोणत्या पत्त्यावर कोणती चिप बसली आहे हे शोधण्यासाठी 'एलएम-सेन्सर्स' त्या दोन तारांच्या मार्गावरील प्रत्येक पत्त्यावर हळूच टकटक करीत असे. थिंकपॅडच्या काही मॉडेलांत त्याच मार्गावर अॅटमेल कंपनीची एक स्मरण-चिप होती आणि तिच्या रचनेत एक दोष होता. या निरुपद्रवी विचारणेनंतर ती आपल्याच पोटातील मजकूर बिघडवून बसे. त्या मजकुरात संगणक सुरू होताना तपासली जाणारी माहिती होती. परिणामी तापमान पाहू गेलेल्या माणसाचा संगणक पुन्हा सुरूच होईना आणि त्याला थेट कंपनीच्या दुरुस्ती केंद्राची वाट धरावी लागे. दोष चिपचा होता, पण निमित्त ड्रायव्हर ठरला. त्यानंतर प्रकल्पाने यावर स्वतंत्र इशारेवजा टिपण प्रसिद्ध केले आणि संबंधित ड्रायव्हरने आयबीएमचा संगणक ओळखला की काम करण्यासच नकार द्यावा, अशी तजवीज झाली.

असाच दुसरा पेच घरातल्या दोन मालकांचा. मदरबोर्डवरील जे फर्मवेअर संगणकाला जागे करते, ते पुढेही पडद्याआड काम करीतच असते. तेही याच चिपशी बोलते, तिच्याकडून तापमान घेते, पंखे हलवते. एकाच वेळी फर्मवेअर आणि ड्रायव्हर या दोघांनी त्या चिपला प्रश्न विचारले तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या पदरी पडते. पंख्याचा आकडा तापमान म्हणून वाचला गेला तर हसता तरी येईल. पण चुकीच्या कप्प्यात आज्ञा लिहिली गेली तर हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणून २००९ मध्ये लिनक्सने कठोर धोरण स्वीकारले. जो भाग आपला असल्याचे फर्मवेअरने जाहीर केले आहे, त्याला ड्रायव्हरने हात लावायचा नाही. या निर्णयामुळे अनेकांचे काल चालणारे तापमान-वाचन आज बंद पडले आणि नाराजीही भरपूर झाली. डेलच्या लॅपटॉपांची तऱ्हा आणखी निराळी. तेथे पंख्याची चौकशी फर्मवेअरच्याच मार्फत करावी लागते आणि काही मॉडेलांत त्या एका प्रश्नाला सुमारे अर्धा सेकंद लागतो. तेवढा काळ माणसाला नगण्य. पण गाणे ऐकणाऱ्याला वा चित्रफीत पाहणाऱ्याला खटकण्याइतका मोठा.

विचारण्याचा धोका टळला तरी उत्तर खरे असेलच असे नाही. इंटेलच्या प्रोसेसरमधील संवेदक तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश दूर आहोत एवढेच तो सांगतो. ती मर्यादा ठाऊक असेल तर साध्या वजाबाकीने तापमान निघते. कोअर २ मालिकेच्या आरंभीच्या काळात ही मर्यादा नेमकी किती, हे इंटेलने उघड केले नव्हते. २००७ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या 'कोअरटेम्प' या ड्रायव्हरला ती ८५ अंश की १०० अंश, याचा प्रोसेसरच्या खुणांवरून अंदाज बांधावा लागे. अंदाज चुकला की तापमान पंधरा अंशांनी चुके. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांनी २०१७ मध्ये वेगळाच गोंधळ उडवला. त्यांतील १७००एक्स आणि १८००एक्स ही मॉडेले आपले तापमान वीस अंश वाढवून सांगत. पंख्यांचे नियम सर्व मॉडेलांना सारखे लागू व्हावेत यासाठी आपण हे मुद्दाम केले असल्याचा खुलासा कंपनीने त्या वर्षीच्या मार्चमध्ये केला. तोवर आपला नवा प्रोसेसर भट्टीसारखा तापतो आहे, अशी अनेक ग्राहकांची समजूत झाली होती.

या विषयातील सर्वांत बोलके प्रकरण घडले ते २०२० साली. त्या वर्षी मार्चमध्ये निघालेल्या लिनक्स ५.६ मध्ये एएमडीच्या झेन प्रोसेसरांचे व्होल्टेज आणि विद्युत्प्रवाह दाखवण्याची सोय 'के१०टेम्प' या ड्रायव्हरमध्ये करण्यात आली. लोकांनी स्वागत केले. पण हे वाचन कसे करावे याची अधिकृत माहिती कंपनीने प्रसिद्ध केलेली नव्हती. पद्धत एका प्रोसेसरगणिक दुसऱ्यात बदलत होती आणि कच्च्या आकड्यांवर कोणते संस्कार करायचे तेही अज्ञात होते. काहींच्या पडद्यावर इतके विचित्र व्होल्टेज दिसू लागले की हा ड्रायव्हर आपला प्रोसेसर जाळील की काय, अशी शंका विचारली जाऊ लागली. अखेर वर्ष सरता सरता ही सोय काढून टाकण्याचा निर्णय झाला. जे नीट सांभाळता येणार नाही ते ठेवायचे नाही, असे त्यामागचे सरळ कारण होते. एखादे वैशिष्ट्य दिल्यानंतर ते परत घेणे व्यापारी कंपन्यांना सहसा परवडत नाही. येथे मात्र चुकीच्या आकड्यापेक्षा आकडा नसणे बरे, हे तत्त्व पाळले गेले. याच ड्रायव्हरने एएमडीच्या काही जुन्या प्रोसेसरांवर, त्यांचा संवेदकच बेभरवशाचा असल्याचे कंपनीने मान्य केलेले असल्यामुळे, वापरणाऱ्याने स्पष्ट आग्रह धरल्याशिवाय वाचन देण्यास नकार दिला होता. आकडेवारीच्या बाबतीत एवढी सचोटी आपल्या सार्वजनिक जीवनात दिसली असती तर किती बरे झाले असते!

आता पुन्हा विंडोजच्या प्रकरणाकडे वळू. तेथे सर्व टेहळणी-चिपांना सामावून घेणारी अशी खुली, सामाईक व्यवस्था उभी राहिली नाही. प्रत्येक मदरबोर्ड कंपनीने आपापले सॉफ्टवेअर दिले आणि त्यांचा परस्परांशी मेळ नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वतंत्र प्रोग्रामरांनी 'विनरिंगझिरो'चा आश्रय घेतला. एका जपानी प्रोग्रामरने लिहिलेला हा ड्रायव्हर सुटसुटीत होता आणि मुक्तही होता. पण त्याची रचना दुभाष्याची नव्हती, उघड्या दाराची होती. प्रोसेसरचे अंतर्गत कप्पे, यंत्राची द्वारे आणि प्रत्यक्ष स्मृती हे सारे तो त्याला विचारणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर खुले करी. तापमान पाहण्यासाठी आलेल्यालाही आणि घर लुटायला आलेल्यालाही दार तेच. २०२० मध्ये या त्रुटीची रीतसर नोंद झाली. सामान्य अधिकार असलेला कोणीही या ड्रायव्हरच्या आधारे संपूर्ण यंत्राचा ताबा घेऊ शकतो, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्याच्या संगणकावर चोरून आभासी चलन काढणाऱ्या टोळ्यांनीही त्याचा उपयोग करून घेतला. तेव्हा मायक्रोसॉफ्टचा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही.

तथापि, दार बंद करताना पर्याय कोणता, याचे उत्तर दिले गेले नाही. २०१६ पासून विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी आवश्यक असते आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र फुकट मिळत नाही. मोठी कंपनी तो खर्च सहज पेलते. फावल्या वेळात विनामूल्य सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची मात्र कोंडी होते. काही प्रकल्पांनी पुढे अधिक मर्यादित अधिकारांच्या नव्या ड्रायव्हरचा मार्ग धरला, ही समाधानाची गोष्ट. पण मूळ धडा उरतोच. सामाईक गरज भागवणारी सार्वजनिक व्यवस्था नसेल तर लोक पळवाटा शोधतात, आणि पळवाटेवर चोरही भेटतात. लिनक्सने २०१९ मध्ये, ५.४ या आवृत्तीपासून, यंत्राची अशी उघडी दारे कुलूपबंद करण्याची सोय केली, तेव्हा संवेदक वाचणाऱ्यांचे फारसे अडले नाही. कारण त्यांच्यासाठी प्रत्येक चिपमागे एक छोटी खिडकी आधीपासूनच होती. त्या खिडकीतून केवळ तापमान दिसते, तिजोरी दिसत नाही.

पण ही खिडकी तरी सर्वस्वी निर्धोक आहे काय? नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रविज्ञान विद्यापीठ आणि अन्य संस्थांतील संशोधकांनी 'प्लॅटिपस' नावाने एक हल्ला प्रसिद्ध केला आणि या समजुतीला धक्का दिला. प्रोसेसर किती ऊर्जा वापरतो याची नोंद लिनक्समध्ये कोणालाही वाचता येत असे. तो आकडा पुनःपुन्हा, अत्यंत बारकाईने वाचून त्यांनी प्रोसेसरच्या पोटातील गुप्त कळ हस्तगत करून दाखवली. प्रत्येक गणितक्रियेला किंचित वेगळी ऊर्जा लागते आणि त्या फरकांच्या रांगेतून गणित उलगडता येते, हे त्यामागचे इंगित. वैद्याने नाडीवरून रोग ओळखावा तसे येथे नाडीवरून मनातले ओळखले गेले! त्यानंतर ही नोंद वाचण्याचा अधिकार केवळ प्रशासकापुरता मर्यादित करण्यात आला. एएमडीच्या प्रोसेसरांसाठी त्याच वर्षी दाखल झालेला ऊर्जामापनाचा ड्रायव्हर तर २०२१ मध्ये कर्नलमधून काढूनच टाकण्यात आला. सामान्य माणसाला जो वाचताच येणार नाही असा संवेदक या विभागात ठेवून काय साधणार, हा विचार त्यात होता. खुलेपणा आणि सुरक्षितता यांच्यातील सीमारेषा एकदा आखून भागत नाही. ती पुनःपुन्हा आखावी लागते.

ही रेषा आखणारे लोक कोण, हेही पाहिले पाहिजे. दोनशेहून अधिक ड्रायव्हरांचा हा विभाग सांभाळणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी आहे. फ्रान्समधील झां देल्वार यांनी अनेक वर्षे ही धुरा वाहिली. गेल्या दशकाहून अधिक काळ ग्युंटर रोएक यांच्यावर मुख्य भार राहिला आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते आपापल्या चिपांसाठी ड्रायव्हर पाठवतात, हे खरे. विशेषतः सर्व्हरमध्ये लागणाऱ्या चिपांबाबत हे प्रमाण बरेच आहे. परंतु घरगुती मदरबोर्डांची कहाणी वेगळी. तैवानमधील आयटीई या कंपनीच्या चिपा असंख्य मदरबोर्डांवर बसतात. त्यांतील अनेक नव्या चिपांची तांत्रिक पुस्तिका, म्हणजे डेटाशीट, खुली मिळत नाही. मग जुन्या चिपशी साम्य कल्पून, प्रयोग करून, वापरणाऱ्यांकडून आकडे मागवून ड्रायव्हर लिहावा लागतो. रोएक यांनी अधिकृत कर्नलच्या बाहेर अशा नव्या चिपांसाठी एक आवृत्ती स्वतः चालवली होती. माहिती मिळत नाही आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी मात्र थांबत नाहीत, अशा अवस्थेत २०१८ मध्ये त्यांनी ती थांबवली. पुढे इतर स्वयंसेवकांनी ते काम उचलले. पाण्याने थंड करणाऱ्या यंत्रणा आणि वीजपुरवठ्याचे डबे यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत आलेल्या ड्रायव्हरांपैकी अनेक ड्रायव्हर असेच, यंत्र आणि विंडोजवरील सॉफ्टवेअर यांच्यातील संभाषण चोरून ऐकून, ग्राहकांनी स्वतः लिहिलेले आहेत.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर हक्काने रागावण्याची आपली सवय जुनीच आहे. पण एकट्यादुकट्या माणसाच्या खांद्यावर पायाभूत काम टाकून निर्धास्त राहण्याची किंमत काय असते, ते २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्याशा सॉफ्टवेअरच्या प्रकरणात जगाने पाहिले. थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास संपादन करून एका अज्ञात व्यक्तीने त्यात चोरवाट पेरली होती. ती योगायोगाने उघडकीस आली म्हणून अनर्थ टळला. संवेदकांच्या विभागात असे काही घडलेले नाही. तेथे प्रत्येक बदल उघडपणे तपासला जातो. तरीही माणसे मोजकी आणि काम अफाट, हे चित्र निश्चिंत करणारे नाही.

या साऱ्याशी आपल्या शहरी वाचकाचा संबंध काय? संबंध अगदी जवळचा आहे. मुंबई आणि नवी मुंबई हे आज देशातील डेटा सेंटरांचे सर्वांत मोठे केंद्र आहे. आपली बँक, आपले रेल्वेचे तिकीट आणि आपला दूरध्वनी ज्या सर्व्हरांवर चालतात, त्या प्रत्येकात मुख्य संगणक निद्रिस्त असतानाही जागा राहणारा एक छोटा संगणक असतो. तापमान पाहणे, पंखे चालवणे आणि धोका दिसताच कळवणे हे त्याचे काम. यांतील अनेक छोटे संगणक लिनक्सवर चालतात. २०१८ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलेला 'ओपनबीएमसी' हा प्रकल्प तर आपले आकडे थेट 'एचडब्ल्यूमॉन'च्याच फाइलींतून घेतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. पुण्याच्या सी-डॅकने घडवलेल्या परम मालिकेतील अलीकडची यंत्रे आणि त्याच संस्थेची 'बॉस' ही कार्यप्रणालीही त्याच कर्नलवर उभी आहेत. म्हणजे कोणा स्वयंसेवकाने रात्री जागून सुधारलेला एक भागाकार उद्या आपल्याकडील एखाद्या यंत्रणेचा पंखा वेळेवर फिरवतो किंवा फिरवत नाही.

आपल्या देशात, जेथे उन्हाळ्यात बाहेरचेच तापमान पंचेचाळीस अंशांना टेकते, वीज जाते-येते आणि पंख्याच्या पात्यांवर महिन्याभरात धुळीचा थर बसतो, तेथे ही टेहळणी चैनीची गोष्ट नव्हे. शाळेतील संगणक कक्ष, तालुक्याच्या कचेरीतील सर्व्हर, रुग्णालयातील नोंदणीचे यंत्र यांपैकी कितीतरी ठिकाणी वातानुकूलन नाममात्रच असते. डिस्क तापत चालली आहे हे वेळीच कळले तर माहिती वाचते. २०२० च्या आरंभी लिनक्सने डिस्कचे तापमानही याच सामाईक साच्यात, प्रशासकाचे अधिकार न मागता, वाचता येईल अशी सोय केली. ती वापरात आणायला पैसे पडत नाहीत. ती आहे हे माहीत मात्र असावे लागते.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याचे पुढचे पाऊल कोणते असावे, याचे उत्तर या छोट्या चिपांनी देऊन ठेवले आहे. सॉफ्टवेअर खुले आणि ते ज्याच्याशी बोलणार त्या चिपची भाषा गुप्त, या व्यवस्थेत खुलेपणा अर्धाच राहतो. सार्वजनिक पैशातून हजारोंनी संगणक खरेदी होतात तेव्हा निविदेत एक अट घालता येईल. मदरबोर्डवरील टेहळणी-चिपेची तांत्रिक माहिती आणि तिला जोडलेल्या रोधकांचे प्रमाण निर्मात्याने प्रसिद्ध करावे, किंवा तिचा ड्रायव्हर अधिकृत कर्नलमध्ये दाखल असावा. ही माहिती दिल्याने कोणाचे व्यापारी गुपित फुटेल असे वाटत नाही. व्होल्टेज किती पटींनी कमी केले हे सांगण्यात गुपित ते कसले? अनेकदा ती दडवलेलीही नसते; कोणी मागितली नाही म्हणून दिलेली नसते. मोठा ग्राहक मागेल तर मिळेल, आणि सरकारपेक्षा मोठा ग्राहक सहसा नसतो.

विकत घेतलेल्या यंत्राची प्रकृती कशी आहे हे मालकाला कळू नये, आणि कळायचेच असेल तर त्याने संपूर्ण घराची किल्ली एखाद्या अनोळखी ड्रायव्हरच्या हाती द्यावी, हा पर्याय २०२५ च्या त्या इशाऱ्याने निकालात काढला. दुसरा पर्याय गेली पंचवीसहून अधिक वर्षे काही थोडी माणसे चिकाटीने उभारीत आली आहेत. खिडकी लहान ठेवायची, आकडा खरा असेल तरच दाखवायचा आणि विचारण्याआधी विचारणेच घातक नाही ना याची खात्री करायची, हे त्यांचे नियम. त्यांच्या हाती चिपेची पुस्तिका पोचवणे एवढे काम कंपन्यांचे आणि त्यासाठी तगादा लावणे हे ग्राहकांचे. तेवढे झाले तर यंत्राचा ताप मोजणाऱ्यांच्या डोक्याचा ताप तरी कमी होईल.